दिवा लागतोय, पण आकडा किती येतोय?

जूनचा पहिला जोराचा पाऊस झाला की माझा फोन वाजायला लागतो. तक्रार बहुतेक एकच. "अहो, तो आरसीसीबी राहतच नाही. वर केला की पडतो. काढून टाका आणि डायरेक्ट जोडून द्या." आरसीसीबी म्हणजे वीज कुठे गळायला लागली की आपोआप पडून पुरवठा तोडणारा बोर्डावरचा खटका. गुहागर आणि रत्नागिरी तालुक्यांत मी वायरिंगची कामं करतो. जयगड-तवसाळची फेरीबोट धरून खाडीच्या दोन्ही काठांवर फिरतो. इतक्या वर्षांत "आमच्या वायरिंगचं मेगर करून आकडा सांगा" असा फोन मात्र एकही आलेला नाही. मेगर म्हणजे वायरीचं आवरण वीज किती अडवतं ते मोजणारं मीटर. दिवा लागला की काम झालं, अशीच सगळ्यांची समजूत.

याच दिवसांत शॉकच्या बातम्याही छापून येतात. कुणाचा पंपाला हात लागला, कुणी ओल्या भिंतीला टेकला, कुठे पत्र्याच्या गोठ्यात गुरं दगावली. कारण म्हणून "शॉर्टसर्किट" लिहिलेलं असतं. शॉर्टसर्किट म्हणजे फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी) थेट एकमेकांना भिडणं. त्यात प्रवाह इतका मोठा वाहतो की एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की पडणारा खटका, क्षणात पडतो. माणसाचा जीव घेते ती बहुधा गळती, म्हणजे वीज तिची वाट सोडून जमिनीकडे झिरपणं. ती लहान असते, एमसीबीला ती कळत नाही आणि तिच्यासकट घरातले दिवे छान लागत राहतात. मोजल्याशिवाय ती सापडत नाही, म्हणून हा मोजण्याचा प्रपंच सोप्या शब्दांत मांडतोय.

आधी तीन शब्द

सुपारीच्या बागेत पाटाने पाणी सोडलेलं अनेकांनी पाहिलं असेल. पाणी किती उंचावरून येतंय तो जोर म्हणजे व्होल्ट. पाटातून किती पाणी वाहतंय ते अँपिअर. पाट अरुंद असेल, पाचोळा अडकला असेल, तर होणारी अडवणूक म्हणजे ओहम. जर्मन शिक्षक गेओर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये या तिघांचं नातं पुस्तकात मांडलं: व्होल्टला ओहमने भागलं की अँपिअर मिळतात. या लेखातलं जवळपास सगळं गणित या एका भागाकाराचं आहे. आपल्या घरात येणारा जोर २३० व्होल्टचा धरायचा. व्होल्ट आणि अँपिअरचा गुणाकार म्हणजे वॉट, आणि हजार वॉटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट.

"टेस्टर आहे की आमच्याकडे"

टेस्टर प्रत्येक घरात असतो आणि सगळ्यात जास्त गोंधळ तोच घालतो. त्याच्या आत निऑनचा बारीक दिवा आणि मोठा रोध असतो. तुमच्या बोटातून अगदी सूक्ष्म प्रवाह जमिनीकडे जातो आणि दिवा लुकलुकतो. इथे काहीतरी व्होल्टेज आहे, एवढंच त्यातून समजतं. किती आहे, त्यावर पंप चालेल का, न्यूट्रल शाबूत आहे का, यातलं काहीच समजत नाही.

नेहमीचा अनुभव सांगतो. घरातलं सगळं बंद पडलेलं असतं आणि टेस्टर सॉकेटच्या दोन्ही भोकांत लागतो. घरमालक घाबरून सांगतात, "दोन्हीकडे फेज आलाय!" प्रत्यक्षात न्यूट्रल तुटलेला असतो. चालू राहिलेल्या एखाद्या पंख्यातून किंवा बल्बातून फेज पलीकडे उतरतो आणि न्यूट्रलच्या भोकातही टेस्टर पेटवतो. परत जायला वाट नाही, म्हणून घरात काहीच चालत नाही. हे मल्टिमीटरने लगेच उलगडतं. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ (जमिनीला जोडलेली वायर), अशी दोन मापं घेतली की तुटलेली वाट समजते. मल्टिमीटरचंही एक खूळ आहे. तो स्वतः प्रवाह जवळपास घेतच नाही, त्यामुळे शेजारच्या वायरीमुळे मोकळ्या वायरीत आलेले भुताटकीचे ८०-९० व्होल्टही तो दाखवतो. अशा वेळी दोन टोकांत सिरीज लॅम्प, म्हणजे होल्डरला दोन वायरी जोडलेला साधा बल्ब, लावायचा. खरं व्होल्टेज असेल तर लॅम्प पेटेल, नाहीतर आकडा कोसळेल.

प्रवाह मोजायला क्लॅम्प मीटर लागतो. खेकड्याच्या नांगीसारखा त्याचा जबडा उघडून वायरीभोवती मिटायचा, वायर कापायची नाही. जबड्यात एकच वायर घ्यायची, कारण फेज आणि न्यूट्रल दोन्ही घेतले तर जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना पुसून टाकतात आणि शून्य दिसतं. हे शून्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

अडीचची वायर खरंच अडीचची आहे का?

वायरीचा आकडा तिच्या तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ सांगतो, व्यास नव्हे. व्यास दुप्पट झाला तर क्षेत्रफळ चौपट होतं. जुने वायरमन अजून "तीन-बावीस", "सात-वीस" म्हणतात. तीन-बावीस म्हणजे २२ गेजच्या तीन तारा, छेद जेमतेम १.२ चौरस मिलिमीटर. आता दीड, अडीच, चार असे थेट चौरस मिलिमीटर सांगतात.

हे घरी तपासता येतं. नव्या कोऱ्या वायरीचं टोक बोटभर सोला आणि तारा पंख्यासारख्या पसरा. अडीचच्या वायरीवर बऱ्याचदा ३६/०.३ असं लिहिलेलं असतं: ३६ तारा, प्रत्येकीची जाडी ०.३ मिलिमीटर. एका तारेचा छेद ०.०७०७, गुणिले ३६, म्हणजे २.५४. ठीक आहे. एकदा एका कामावर मालकांनी आणून दिलेल्या वायरीत तारा मोजल्या तर बरोबर ३६ भरल्या, पण हाताला त्या रेशमासारख्या लागत होत्या. स्क्रूगेजमध्ये धरल्या तर ०.२५ मिलिमीटर. आता गुणाकार करा: १.७७. अडीचचे पैसे घेऊन पावणेदोनची वायर दिलेली. ती मी परत पाठवली. भिंतीत गेल्यावर हे कुणालाही दिसलं नसतं.

विहीर लांब, मोटार गुंगते

कोकणातली घरं एकमेकांपासून दूर, आणि विहीर बहुधा खाली बागेत, व्हाळाच्या अंगाला. घरापासून १२० मीटर वायर सहज लागते. पाटाच्या शेवटच्या सुपारीला पाणी कमी पोचतं तसंच इथे होतं, आणि किती कमी ते आधीच काढता येतं. अंतर दुप्पट करा, कारण वीज जाते तशी परतही येते. त्याला अँपिअरने गुणा, मग ०.०१८ ने गुणा (तांब्याची एक मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर वायर जवळपास एवढे ओहम अडवते) आणि वायरीच्या चौरस मिलिमीटरने भागा.

दीड एचपीचा सिंगल फेज पंप घ्या. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट, तेव्हा दीड एचपीला १,११९ वॉट, भागिले २३०, म्हणजे पाच अँपिअर, असं गणित बरेच जण करतात. ते चुकतं. पाटीवरची एचपी ही मोटारीच्या दांड्यावर मिळणारी ताकद असते. आत वाया जाणारं धरून पंप नऊ-दहा अँपिअर घेतो, क्लॅम्प लावला की दिसतं. दहा धरू. १२० × २ × १० × ०.०१८ ÷ २.५ = १७ व्होल्ट. घरी २२० असतील तर विहिरीवर २०३. चालेल कसंबसं.

गोची सुरू होताना होते. सुरू होण्याच्या क्षणी मोटार चौपट प्रवाह ओढते, म्हणजे ४० अँपिअर. घट ६९ व्होल्ट, पंपाला उरतात १५१. मोटारीची फिरवण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते: १५१ भागिले २३०, त्याचा वर्ग, ०.४३. निम्म्याहून कमी. हा हिशोब ढोबळ आहे, तरी मोटार जागेवर "गुंऽऽ" का करते आणि वाइंडिंग का जळतं ते त्यातून समजतं. मालक म्हणतात पंप खराब, रिवाइंडिंगवाल्याकडे नेतात, जोडतात, पुन्हा जळतो. तीच वायर सहाची टाकली तर चालताना घट ७ आणि सुरू होताना २९ व्होल्ट. अॅल्युमिनियमची वायर घेणार असाल तर ०.०१८ च्या जागी ०.०२८ धरा, म्हणजे छेद दीडपटीहून जास्त मोठा लागेल. शिवाय तांबं आणि अॅल्युमिनियम नुसतं पिळून जोडू नका. खाऱ्या हवेत असा सांधा वर्षा-दोन वर्षांत पांढऱ्या पुडीने भरतो.

सैल सांध्याचं गणितही असंच आहे. दोन हजार वॉटचा गिझर जवळपास नऊ अँपिअर घेतो. सॉकेटमागचा स्क्रू सैल राहून अर्धा ओहम अडवणूक झाली, तर नऊचा वर्ग गुणिले अर्धा, चाळीस वॉट उष्णता त्या एका स्क्रूपाशी तयार होते. लहान सोल्डरिंग आयर्नही बहुधा याहून कमी वॉटचं असतं, आणि ही उष्णता तर प्लास्टिकच्या डब्यात बंद आहे. शोधायचं कसं? गिझर बंद असताना सॉकेटवर व्होल्ट मोजायचे, मग चालू करून मोजायचे. मेन बोर्डावरही तसंच. बोर्डावर दोन व्होल्ट उतरले आणि सॉकेटवर दहा, तर मधल्या वाटेत काहीतरी तापतंय.

लोडचा हिशोब थोडक्यात सांगतो. घरातल्या उपकरणांच्या वॉटची बेरीज करून २३० ने भागलं की अँपिअर मिळतात. सगळं एकदम चालत नाही, म्हणून वायरमन त्यात काटछाट करतात. वर्षभर दोघं म्हातारी राहतात अशा घरी ती चालते. गणपतीत त्याच घरात वीस माणसं, तीन गिझर, मिक्सर आणि रोषणाई असते. मोजायचा तो दिवस. आणि वायर सोसेल त्याच्या आत एमसीबी असावा. पडतो म्हणून १६ चा काढून ३२ चा लावला, तर पहारेकरीच झोपवला म्हणायचा.

जांभ्यातलं अर्थिंग

हा भाग मी जरा विस्ताराने सांगणार आहे, कारण आमच्याकडे सगळ्यात मोठी फसगत इथे होते.

अर्थिंग म्हणजे फ्रिज, पंप, गिझर यांच्या धातूच्या अंगापासून जमिनीपर्यंतची मोकळी वाट. आत फेज अंगाला टेकला तर वीज या वाटेने जावी. पण ही वाट किती रुंद ते मातीवर अवलंबून आहे. सड्यावरचा, म्हणजे उघड्या कातळमाळावरचा, जांभा सच्छिद्र असतो, पाणी धरत नाही. पावसाळ्यात ओला असतो तेव्हा अर्थिंग छान दिसतं. विहिरी तळाला जातात त्या मे महिन्यात तोच जांभा वाळून कोळ होतो आणि ओहम कितीतरी वाढतात. मीठ-कोळशाचं अर्थिंग केलंय, असं सांगतात. मिठाने फरक पडतो हे खरं, पण इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मीठ विरघळून निघून जातं, आणि जाता जाता जमिनीत पुरलेला अर्थिंगचा पाइपही गंजवतं.

मग तपासतात कसं? फेज आणि अर्थ यांच्यात शंभरचा बल्ब लावतात. लख्ख पेटला की "अर्थिंग एकदम ओके". आता भागाकार करू. शंभर वॉटच्या पेटलेल्या बल्बाचा रोध ५२९ ओहम. अर्थिंग वीस ओहमचं असेल तर बल्बाला २२२ व्होल्ट मिळतात. पन्नास ओहमचं, म्हणजे अगदीच वाईट असेल तरी २१०. डोळ्याला दोन्ही दिवे सारखेच दिसतात. वर या चाचणीत अर्थच्या वायरीवर, म्हणजे घरातल्या सगळ्या धातूच्या अंगांवर, तुम्ही मुद्दाम व्होल्टेज सोडता. ही चाचणी करू नका आणि कुणाला करू देऊ नका.

खरं माप अर्थ टेस्टरने घेतात. तपासायच्या पाइपाची घराकडची जोडणी सोडायची. वीस मीटरवर एक खुंटी, तिच्या वाटेवर साधारण ६२ टक्के अंतरावर, म्हणजे साडेबारा मीटरला, दुसरी. मीटर बाहेरच्या खुंटीतून प्रवाह सोडतो, मधल्या खुंटीवर व्होल्ट मोजतो आणि भागाकार करून ओहम दाखवतो. मधली खुंटी मीटरभर पुढे-मागे करून आकडा फारसा हलला नाही, तर तो खरा. कातळावर खुंटी जाईना, तर भेगेत ठोकून तांब्याभर पाणी ओतायचं. हे माप मेमध्ये घ्या. त्या महिन्यात नीट असलेलं अर्थिंग वर्षभर नीट राहतं.

आकडा जास्त आला तर सड्यावर खोल खणत बसण्यापेक्षा ओलाव्याची जागा शोधावी. न्हाणीचं सांडपाणी ज्या माडाच्या बुंध्याशी जातं तिथली माती मेमध्येही ओली असते. वायर तीस मीटर लांब गेली तरी हरकत नाही, मातीच्या ओहमपुढे वायरीचे ओहम किरकोळ असतात. वीस-वीस ओहमचे दोन पाइप एकमेकांपासून पुरेसे लांब पुरून जोडले तर एकूण दहाच्या आसपास येतात.

"अर्थिंग आहे, एमसीबी आहे, मग अजून काय हवं?"

हा आक्षेप शिकलेली माणसंही घेतात. तुमचं अर्थिंग वीस ओहमचं आहे आणि ट्रान्सफॉर्मरचं पाच, असं धरू. वीज जमिनीतून परत ट्रान्सफॉर्मरकडेच जाते, म्हणून दोन्हींची बेरीज करायची. फेज पंपाच्या अंगाला टेकला. प्रवाह किती? २३० भागिले २५, म्हणजे ९.२ अँपिअर. तुमचा एमसीबी १६ चा. त्याच्या दृष्टीने कुणीतरी गिझर लावलाय, पडायचं कारणच नाही. तो दिवसभर तसाच राहील, आणि पंपाच्या अंगावर ९.२ गुणिले २०, म्हणजे १८४ व्होल्ट उभे असतील. ओल्या पायांनी, लोखंडी पाइपाला हात लावणाऱ्या माणसासाठी. वर तासाला दोन युनिटं जमिनीत जातील ती वेगळीच.

बरं, अर्थिंग सुधारून पाच ओहम केलं तरी प्रवाह २३ अँपिअर. सोळाचा सी टाइप एमसीबी झटक्यात पडायला खात्रीने १६० लागतात. २३ वर तो तापून कधीतरी उशिराने पडेल. म्हणून आरसीसीबी.

वाडीची सामाईक भांडी लग्नाला देताना मोजून देतात आणि मोजून परत घेतात. पन्नास गेली, एकोणपन्नास आली, की लगेच चौकशी. आरसीसीबी तेच करतो. फेजने गेलेली वीज न्यूट्रलने तितकीच परत आली का, हे तो सतत पाहत असतो. क्लॅम्पच्या जबड्यात दोन्ही वायरी धरल्यावर शून्य दिसलं होतं ना, तेच तत्त्व. ३० मिलीअँपिअरचा (मिली म्हणजे हजारावा भाग) हिशोब लागेनासा झाला की तो सेकंदाच्या अंशात पडतो. नऊ वॉटचा एलईडी बल्बही याहून जास्त घेतो. घराला ३० चाच घ्या, ३०० चा आगीपासून वाचवतो, माणसाला नाही. आणि तो एमसीबीच्या जोडीने लागतो, त्याच्या जागी नव्हे. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरणाऱ्याला तोही वाचवू शकत नाही. त्याचं 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. मात्र बटणाने पडला याचा अर्थ अर्थिंग चांगलं आहे असा होत नाही, ते बटण अर्थिंगकडे बघतच नाही.

"पण तो उगाच पडतो!"

उगाच पडत नाही, हे दाखवायलाच हा लेख लिहायला घेतला. वायरीच्या आवरणाची अडवणूक मेगरने मोजतात. वीज बंद करायची, बल्ब, टीव्ही, फ्रिज सगळं काढायचं, आणि मेगरने ५०० व्होल्टचा जोर देऊन फेज-न्यूट्रल एकत्र ते अर्थ किती ओहम येतात ते पाहायचं. किमान १ मेगाओहम, म्हणजे दहा लाख ओहम हवेत. आता भागाकार: २३० भागिले दहा लाख, ०.२३ मिलीअँपिअर. म्हणजे जेमतेम पास झालेल्या वायरिंगमधूनही पाव मिलीअँपिअरच गळतं. आरसीसीबी साधारण १५ ते ३० च्या दरम्यान पडतो. पावसात तो पडत असेल तर तुमचं वायरिंग बहुधा त्या किमान मर्यादेच्याही साठ-सत्तरपट खाली कोसळलेलं असतं. कधी इन्व्हर्टर जोडताना दोन सर्किटचे न्यूट्रल एक केलेले असतात, तेव्हाही तो पडतो, आणि तेव्हाही चूक जोडणाऱ्याची असते.

नव्या जोडणीच्या टेस्ट रिपोर्टात मेगर आणि अर्थिंगच्या आकड्यांसाठी रकाने असतात. मेगर घरात न आणता ते भरलेले रिपोर्ट मी पाहिले आहेत. सगळ्या रकान्यांत एकच सुंदर आकडा. याचा मला मनापासून राग येतो. रिपोर्टवर सही होण्याआधी घरमालकाने शेजारी उभं राहून काटा पाहावा. बोर्ड उघडायचं काम परवानाधारक वायरमनचं, पण आकडा विचारायला परवाना लागत नाही. खर्च जास्त होतो म्हणाल, तर एका घराचं मेगर करायला मला अर्धा दिवस पुरतो.

गेल्या पावसात गुहागरच्या बाजूला एका आजींकडे गेलो होतो. आरसीसीबी महिनाभर पडत होता आणि कुणीतरी तो वगळून जोडून दिला होता. "दिवे लागतायत रे बाबा, पण न्हाणीच्या नळाला हात लावला की मुंग्या येतात," असं त्या म्हणाल्या. एकेक सर्किट सोडवून मेगर फिरवला. माजघर ५०, स्वयंपाकघर ३०, पडवी ०.००८ मेगाओहम. पडवीतला जंक्शन बॉक्स उघडला तर आत कुंभारीण माशीचं घर, करंगळीएवढ्या मातीच्या चार नळ्या, फेजच्या सांध्यापासून लोखंडी डब्यापर्यंत लिंपलेल्या. कौलातून ठिबकणाऱ्या पाण्याने त्या भिजून मऊ झाल्या होत्या. माती खरवडली, सांधे कापून नवे केले, डबा बदलला, पाइपाच्या तोंडाला पुट्टी भरली. मेगर पुन्हा लावला: ४०. मग आरसीसीबी जागेवर बसवून वर केला. बाहेर पाऊस कोसळत होता आणि तो वरच राहिला. आजी नळाला हात लावून बराच वेळ उभ्या होत्या.